एक चीज आणि तिच्या अनेक ध्वनिमुद्रिका

एकच चीज दोन गवयांच्या ध्वनिमुद्रिकांतून ऐकावयास मिळाली, म्हणजे ऐकणाऱ्या मंडळींत बहुधा एकच प्रश्न निघतो, कीं यांत सरस कोण? चावीच्या फोनोच्या काळांत हा वाद ओसरीवर होई. पुढें तो रेडिओभोंवतीं होऊं लागला. आणि आज भीमाकांठच्या वडगांव रासाईसारख्या गांवींही, ज्याच्या खिशांत मोबाईल आहे, त्याला तो हवा तेव्हां उकरून काढतां येतो. शंभर वर्षांपूर्वींचा गवई व कालपरवांचा गवई आतां एकापाठोपाठ एक ऐकूं येतात. साधन इतकें वाढलें, पण प्रश्न तोच राहिला. वास्तविक हा प्रश्न घाईचा आहे. दोन ध्वनिमुद्रिकांची तुलना करण्यापूर्वीं त्या कोणत्या मर्यादेंत झाल्या, त्यांत कोणती गोष्ट कायम राहिली आणि कोणती बदलली, हें समजून घ्यावें लागतें. तें समजलें म्हणजे सरस-नीरसाचा निवाडा मागें पडतो व त्याहून अधिक उपयोगाची गोष्ट हातीं येते : ती चीजच नीट कळूं लागते.

ज्या गांवीं गवई नाहीं व शिकविणाराही नाहीं, तेथील होतकरू मुलाला ध्वनिमुद्रिका हीच शाळा होते. शाळा म्हणून ती उत्तम आहे. पण तिच्यांत एक धोका आहे. एकच ध्वनिमुद्रिका शंभर वेळां ऐकणारा मुलगा त्या गवयाचा त्या दिवशींचा आवाज, त्याच्या लकबा आणि तबकडीच्या अडचणी हें सर्वच 'चीज' समजून पाठ करून बसतो. दुसरी ध्वनिमुद्रिका शेजारीं ठेवली, कीं त्याला विचार करणें भाग पडतें. दोहोंत सारखें काय आहे? वेगळें काय आहे? जें वेगळें आहे तें कशामुळें? हे प्रश्न पडले कीं नक्कल संपते आणि शिक्षण सुरू होतें. तेव्हां तुलना ही केवळ रसिकांची करमणूक नव्हे. गुरूपासून दूर राहणाऱ्याला तिच्याइतका दुसरा आधार नाहीं.

प्रथम तबकडीच्या मर्यादा पाहूं. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२ सालीं कलकत्त्यास आला आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यानें गौहरजान हिचें गाणें मुद्रित केलें. त्या वेळीं विजेचा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्यानें एका मोठ्या कर्ण्यांत गावयाचें, आवाजाच्या धक्क्यानें पातळ पडदा थरथरावयाचा आणि त्या पडद्याला जोडलेल्या सुईनें मेणावर रेघ कोरावयाची, अशी ती रीत होती. हळू आवाज त्या रेघेंत नीट उतरत नसे. खर्जाचे सूर अंधुक येत. तंबोऱ्याचा नाद जवळजवळ हरपून जाई. १९२५ पासून विजेच्या साहाय्यानें मुद्रण होऊं लागलें, तेव्हां हलका आवाजही टिपतां येऊं लागला. तरी वेळेची अडचण तशीच राहिली. दहा इंची लाखेच्या तबकडीची एक बाजू सुमारें तीन-साडेतीन मिनिटांत संपे. मैफलींत जो राग तासभर चालावयाचा, तो एवढ्या अवकाशांत बसवावयाचा म्हणजे काय ठेवावें आणि काय गाळावें, याचा कठोर निर्णय गवयाला आधींच करावा लागे. दीर्घकाल चालणारी तबकडी १९४८ सालीं अमेरिकेंत निघाली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणें मावूं लागलें. जुन्या तबकडीची तुलना या नव्या तबकडीशीं करणें म्हणजे पोस्टकार्डाची तुलना लांबलचक पत्राशीं करण्यासारखें आहे. मजकूर एक असेल. पण लिहिणाऱ्याला मोकळीक सारखी नव्हती.

दुसरी मर्यादा वेगाची. जुन्या तबकड्या मिनिटास सुमारें ७८ फेरे या वेगानें वाजवावयाच्या असत. पण मुद्रणाच्या वेळचा वेग नेमका तेवढाच असे, असें नाहीं. तबकडी ज्या वेगानें कोरली त्याहून जलद फिरविली, तर लय वाढते आणि त्याबरोबर सूरही चढतो. ७८ फेऱ्यांची तबकडी सुमारें साडेब्याऐंशी फेऱ्यांनीं वाजविली, तर पांढरी एकमध्यें गाइलेलें गाणें काळी एकमध्यें ऐकूं येईल. गवयाचा आवाज खऱ्याहून कोंवळा वाटेल, ताना खऱ्याहून चपळ वाटतील. जुन्या तबकड्यांवरून मोबाईलवर आलेलीं गाणीं याच कारणानें ठिकठिकाणीं निरनिराळ्या पट्टींत भेटतात. 'त्या काळचे गवई किती उंच गात!' असें म्हणण्यापूर्वीं ऐकणारानें पेटीवर षड्ज जुळवून पाहावा आणि एकाच तबकडीच्या दोन प्रती मिळाल्यास त्याही ताडून पाहाव्या.

इतकी तयारी झाल्यावर उदाहरण घेऊं. महाराष्ट्रांत तुलनेसाठीं खांसाहेब अब्दुल करीम खां यांच्याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण. त्यांचा जन्म १८७२ सालचा, उत्तरेकडील किराणा गांवचा. पण त्यांचें कर्तृत्व इकडे बहरलें. १९१३ सालीं त्यांनीं पुण्यांत आर्य संगीत विद्यालय चालू केलें, पुढें मिरजेस वास्तव्य केलें, आणि १९३७ सालीं दक्षिणेच्या प्रवासांत देह ठेवल्यावर त्यांना मिरजेसच दफन करण्यांत आलें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ते कर्ण्यापुढें गाइले. पुढें उतारवयांत, १९३४ ते १९३६ च्या सुमारास, मायक्रोफोनपुढें गाइले. म्हणजे एकाच गवयाचें तरुणपण व पक्वपण हीं दोन्ही मुद्रणाच्या दोन निरनिराळ्या रीतींनीं जतन झालीं आहेत. पहिल्या मुद्रणांत आवाज जोरकस व गाणें धांवतें वाटलें, तर त्यांत वयाचा भाग किती व कर्ण्याचा किती, हें ओळखावें लागतें. कारण कर्ण्यापुढें आवाज टाकावाच लागे. मायक्रोफोन आल्यावरच खांसाहेबांचा खरा गुण, म्हणजे एका स्वरावर हळुवारपणें थांबून त्याचा कण न् कण उलगडण्याची त्यांची रीत, तबकडींत पुरती उतरूं शकली. किराणा घराण्याची स्वरप्रधान गायकी म्हणून जी आज ओळखली जाते, तिचा पुरावा मुख्यतः या शेवटच्या दोन-तीन वर्षांच्या तबकड्यांत आहे.

त्यांतील झिंझोटींतील 'पिया बिन' या ठुमरीची तबकडी अत्यंत लोकप्रिय झाली. तीच ठुमरी कुंदनलाल सैगल यांनीं न्यू थिएटर्सच्या 'देवदास' या १९३५ च्या बोलपटांत गाइली. राग एक, शब्द एक, काळही जवळजवळ एक. तरी दोन्ही ऐकतांना दोन निरनिराळीं माणसें आपलें दुःख सांगत आहेत असें वाटतें. खांसाहेबांची पट्टी मुळांतच उंच, आवाज बारीक व टोंकदार. त्यांचा स्वर सारंगीच्या गजाप्रमाणें न तुटतां पुढें सरकतो. शब्द त्यांत विरघळतात, आणि ऐकणाराला व्याकुळता जाणवते ती शब्दांहून स्वरांच्या ओढीमुळें. सैगलांचा आवाज खालचा व भरदार. ते मायक्रोफोनच्या जवळ, बोलल्यासारखे गातात; त्यांत आलाप-तानांचा विस्तार नाहीं, कारण बोलपटांतील प्रसंगास तेवढा अवकाशच नाहीं. पहिल्याचें गाणें रागाच्या बाजूनें दुःखाकडे येतें, दुसऱ्याचें दुःखाच्या बाजूनें रागाकडे जातें. यांत श्रेष्ठ कोण हें ठरवूं लागलों, तर पणतीची व समईची शर्यत लावल्यासारखें होईल. मात्र दोन्ही ऐकल्यावर एक गोष्ट निश्चित कळते : झिंझोटीच्या त्या मुखड्यांत असें कांहीं आहे, कीं जें पट्टी, वाद्यें, लय व विस्तार बदलूनही नाहींसें होत नाहीं. तेंच त्या चिजेचें बीज.

दुसरें उदाहरण गुरुपरंपरेचें. खांसाहेबांची भैरवींतील 'जमुना के तीर' ही ठुमरी त्यांच्या तबकडीनें घरोघर पोंचविली. त्यांचे शिष्य कुंदगोळचे रामभाऊ ऊर्फ सवाई गंधर्व. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. भीमसेनांनीं हीच भैरवी अनेक मैफलींतून गाइली व तिचीं मुद्रणें उपलब्ध आहेत. येथें तर घराणें एक, तालीम एका वंशाची, म्हणजे साम्य अधिकांत अधिक असावयाचें. तरी फरक कानांवर येतो. खांसाहेब तेच शब्द पुनःपुन्हां घेतात आणि दर वेळीं त्यांना थोडें निराळें वळण देतात. सर्व कांहीं तीन मिनिटांत, जणूं पाण्यावर बोट फिरवावें तसें. भीमसेनांचा आवाज रुंद, दमसांस मोठा, आणि हातीं वेळ अधिक. गुरूच्या गुरूनें जें सुचविलें, तें ते मोठ्या आकारांत मांडून दाखवितात. जेथें खांसाहेब स्पर्श करून सुटतात तेथें ते ठाण मांडतात. हें ऐकून 'मूळ सोडलें' असें कोणी म्हणेल. पण तबकडी हेंच मूळ, असें धरलें तरच तो आक्षेप टिकेल. खांसाहेब स्वतः मैफलींत तीन मिनिटांत भैरवी आटोपत नसत. शिष्यपरंपरेनें तबकडीचें माप न घेतां तिच्या मागें असलेल्या गाण्याचें माप घेतलें, हेंच तिचें शहाणपण.

तिसरें उदाहरण मराठी रंगभूमीचें, आणि तें सर्वांत बोलकें आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें 'संगीत मानापमान' किर्लोस्कर मंडळीनें १९११ सालीं रंगभूमीवर आणलें. त्याच्या पदांना गोविंदराव टेंबे यांनीं चाली दिल्या. त्यांतील 'प्रेम सेवा शरण' हें पद खांसाहेब अब्दुल करीम खां यांनीं तबकडीवर गाइलें तें भीमपलासांत. बळवंत संगीत मंडळीचे मास्टर दीनानाथ मंगेशकर यांनीं गाइलें तें मुलतानींत. येथें शब्द कायम आणि रागच बदलला! वरवर पाहतां ही दोन पदेंच म्हणावीं लागतील. परंतु दोन्ही रागांची रचना पेटीवर ताडून पाहिली म्हणजे गंमत कळते. भीमपलासाच्या आरोहांत रिषभ व धैवत वर्ज्य. मुलतानीच्याही आरोहांत तेच दोन वर्ज्य. दोन्हींत गंधार कोमल. म्हणजे चढण्याच्या पायऱ्या त्याच : षड्ज, गंधार, मध्यम, पंचम, निषाद. मात्र भीमपलासांत मध्यम शुद्ध व निषाद कोमल आहे. मुलतानींत मध्यम तीव्र व निषाद शुद्ध होतो. उतरतांना भीमपलास शुद्ध रिषभ-धैवत घेतो, तर मुलतानी ते कोमल घेते. सांगाडा एक, पण अंगावरचें कातडें निराळें. भीमपलासाची वेळ दिवसाचा तिसरा प्रहर, मुलतानीची त्याच्या लगतचा चौथा प्रहर. त्यामुळें पदांतील शरणागती एका ठिकाणीं शांत व आर्जवी वाटते, तर दुसऱ्या ठिकाणीं तिच्यांत तीव्र मध्यमाची धार येते. दीनानाथांच्या चपळ, तेजस्वी फिरतीनें ती धार अधिकच लखलखते. एका पदाच्या दोन तबकड्यांनीं दोन रागांचा संबंध जितका स्वच्छ कळतो, तितका पुस्तकांतील कोष्टकानें क्वचितच कळेल.

कोणी म्हणेल, आपलें संगीत लिहिलेलें नसतें, म्हणून असे फरक पडतात. युरोपांत स्वर न् स्वर कागदावर असतो, तेथें तुलनेला काय उरणार? याचें उत्तर पियानोच्या एका प्रसिद्ध उदाहरणांत आहे. बाख या जर्मन रचनाकाराची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ही रचना १७४१ सालीं छापून निघाली. प्रारंभीं एक संथ गत, मग तिच्या पायावर उभारलेले तीस प्रकार, आणि शेवटीं तीच गत पुन्हां, अशी तिची बांधणी आहे. कॅनडाचा ग्लेन गूल्ड यानें ती १९५५ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, पियानोवर मुद्रित केली आणि १९८१ सालीं, मृत्यूच्या आदल्या वर्षीं, पुन्हां मुद्रित केली. पहिलें मुद्रण सुमारें अडतीस मिनिटांचें. दुसरें सुमारें एक्कावन्न मिनिटांचें. हा सर्वच फरक लयीचा नव्हे. पहिल्या वेळीं त्यानें पुनरावृत्ती गाळल्या होत्या, दुसऱ्या वेळीं कांहीं घेतल्या. तरी आरंभींची गत तेवढीच पाहिली, तर पहिल्या मुद्रणांत ती दोन मिनिटांच्या आंत संपते आणि दुसऱ्यांत तीन मिनिटांहून थोडी अधिक चालते. स्वर तेच, वादक तोच, वाद्य त्याच जातीचें. पण मधल्या सव्वीस वर्षांत त्याचें मन बदललें. तेव्हां कागदावर लिहिलेल्या संगीतांतही लिहितां न येणारें असें पुष्कळ उरतें. आणि त्यांचें संगीत लिहिलेलें असूनही इतकें बदलतें, तर आपलें संगीत बदललें म्हणून खेद करण्याचें कारण उरत नाहीं.

या सर्वांवरून तुलनेची एक साधी रीत बांधतां येते. आधीं एकच चीज निवडावी आणि तिच्या दोनच ध्वनिमुद्रिका घ्याव्या. दहा घेतल्या तर कान गोंधळतो. दोहोंची पट्टी पेटीवर पाहावी आणि लांबी घड्याळावर पाहावी. मग पहिल्या वेळीं फक्त मुखडा ऐकावा : सम कोठें येते, समेपर्यंत गवई कोणत्या वाटेनें येतो. दुसऱ्या वेळीं शब्द ऐकावे : कोणता शब्द लांबविला, कोणता उडविला. तिसऱ्या वेळीं थांबण्याच्या जागा ऐकाव्या, कारण गवई कोठें थांबतो यावरून त्याला काय महत्त्वाचें वाटतें हें कळतें. शेवटीं दोन याद्या कराव्या. दोन्हीकडे सारखें निघालें तें बहुधा चिजेचें. एकाच ठिकाणीं सांपडलें तें गवयाचें, त्याच्या वयाचें किंवा तबकडीचें. होतकरू मुलानें पहिली यादी घोंटून पाठ करावी. दुसरी यादी मन लावून ऐकावी, पण तिची नक्कल करूं नये. तबकडी संपत आली म्हणून गवयानें उरकती घेतलेली शेवटची तान विद्यार्थी मैफलींत तशीच उरकून घेऊं लागला, तर तो गवयाचा शिष्य न होतां लाखेचा शिष्य होईल.

ध्वनिमुद्रिकेनें काय करावें याचें उत्तम उदाहरण भीमसेन जोशी यांच्याच चरित्रांत आहे. लहानपणीं खांसाहेबांची झिंझोटीची तबकडी कानांवर पडली आणि तसें गातां यावें या ध्यासानें ते गुरूच्या शोधांत घर सोडून निघाले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. ती तबकडी हुबेहूब गाऊन दाखविणारीं मुलें त्या काळींही असतील. भीमसेनांनीं मात्र तबकडींतून एवढेंच ओळखलें, कीं हें गाणें जेथून आलें तेथें जाऊन पोंचलें पाहिजे. आणि पुष्कळ वणवण करून ते सवाई गंधर्वांच्या पायांशीं पोंचले. गुरूच्या निधनानंतर १९५३ सालीं पुण्यांत त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला. रात्री जागवून गाणीं झाल्यावर सांगतेला सवाई गंधर्वांची भैरवीची ध्वनिमुद्रिका लावण्याचा तेथें प्रघात पडला. समोर बसलेल्या श्रोत्यांनीं त्यांच्या शिष्यप्रशिष्यांचें गाणें ऐकलेलें असे. त्यानंतर ती छोटीशी तबकडी कानीं पडली, कीं काय टिकलें व काय वाढलें तें सांगावें लागत नसे.

प्रत्येक होतकरूला घर सोडून जातां येईल असें नाहीं. पण दोन ध्वनिमुद्रिका शेजारीं ठेवून शांतपणें ऐकणें हें शिरूर-दौंडकडील कोणत्याही खेड्यांत, दिवसाचें काम आटोपल्यावर, अर्ध्या तासांत करण्यासारखें आहे. 'सरस कोण' हा प्रश्न तेवढा वेळ बाजूला ठेवावा. त्याऐवजीं 'येथें यानें असें कां केलें' एवढेंच विचारावें, आणि उत्तर सांपडेपर्यंत तीच जागा पुन्हां लावावी.